पित्ताची पिशवी काढल्यानंतर

छत्रपती संभाजीनगरात रिक्षावाल्याला नुसतं 'घाटी' म्हटलं की पुरतं. 1956 साली सुरू झालेल्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचं हे रुग्णालय एका जिल्ह्यापुरतं कधीच नव्हतं. जालना, बीड, परभणी, हिंगोलीकडून आणि शेजारच्या बुलढाण्यातूनही माणसं इथे येतात. हातात जुने केसपेपर असतात आणि तालुक्याच्या गावी काढलेली सोनोग्राफी. पोटाच्या तक्रारीसाठी काढलेल्या त्या सोनोग्राफीत पुष्कळदा एक ओळ सापडते: पित्ताशयात खडे आहेत.

अशा दोन बायकांची कल्पना करू. एक सिल्लोडकडची. वर्षभरात चार-पाच वेळा तिला रात्री जेवणानंतर काही वेळाने छातीच्या खाली, पोटाच्या वरच्या भागात कळ आली. कळ वाढत गेली आणि तासभर जशीच्या तशी राहिली. उजव्या बरगडीखालून ती मागे खांद्याच्या फऱ्याकडे गेली. उलटी झाली, अंगाला घाम फुटला, शेवटी गावातल्या डॉक्टरकडे जाऊन इंजेक्शन घ्यावं लागलं. मधल्या दिवसांत मात्र काहीच नाही. ती शेतात जात होती, भाकरी थापत होती. दुसरी वैजापूरकडची. तिला रोजच त्रास. जेवलं की पोट फुगतं, करपट ढेकरा येतात, छातीत जळजळतं, घशाशी आंबट येतं, पोट साफ होत नाही. हे सगळं चार वर्षांपासून.

दोघींच्या सोनोग्राफीचा रिपोर्ट अक्षरशः सारखा. दोघींचं दुर्बिणीतून ऑपरेशन झालं, दोन्ही वेळा सगळं सुरळीत पार पडलं, दोघीही दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी घरी गेल्या. सहा महिन्यांनी विचारलं तर पहिली म्हणेल, त्या दिवसापासून पुन्हा कळ आली नाही. दुसरी म्हणेल, पिशवी काढली पण माझं पित्त काही गेलं नाही. सर्जन तोच, उपकरणं तीच, कौशल्यही तेच. फरक पडला तो ऑपरेशन थिएटरच्या कितीतरी आधी, ओपीडीत तक्रार ऐकून घेताना. पित्ताशयाच्या शस्त्रक्रियेनंतरचं समाधान बहुतांशी तिथेच ठरतं, याकडे गेल्या काही वर्षांतल्या अभ्यासांनी बोट दाखवलं आहे. तरीही आपल्याकडे ऑपरेशनचा विषय निघाला की चर्चा होते ती टाके किती, खर्च किती आणि सुट्टी कधी याचीच.

यकृत दिवसाला साधारण अर्धा ते एक लिटर पित्तरस तयार करतं. तो सतत पाझरत असतो, पण आपण सतत खात नाही. म्हणून दोन जेवणांच्या मधला पित्तरस यकृताखाली चिकटलेल्या पेरूएवढ्या पिशवीत जाऊन थांबतो. तिच्यात 30 ते 50 मिलिलिटरच मावतं, परंतु ती त्यातलं पाणी शोषून घेते आणि पित्तरस पाच-दहा पट दाट करून ठेवते. या शहराला हे समजावून सांगायला फार कष्ट पडू नयेत. इथे नळाला काही दिवसांआड पाणी येतं म्हणून प्रत्येक घरावर टाकी आहे. नळ दिवसरात्र बारीक धारेने चालू राहिला असता तर टाकीवाचूनही घर चाललं असतं. पित्ताशय काढल्यावर नेमकं तेच होतं: पित्तरस यकृतातून थेट लहान आतड्यात, दिवसरात्र, थोडा थोडा उतरत राहतो. पचन चालू राहतं. बहुतेकांना फरक कळतही नाही.

पिशवीत साठलेल्या दाट रसात कोलेस्टेरॉलचं प्रमाण बिघडलं की त्याचे कण जमतात, कणांचे खडे होतात. बायकांमध्ये हे पुरुषांपेक्षा जास्त, गरोदरपणात आणखी, लठ्ठपणात जास्त, आणि झपाट्याने वजन उतरवणाऱ्यांमध्येही जास्त. विहिरीच्या किंवा बोअरच्या जड पाण्याशी याचा संबंध नाही. मराठवाड्यात मुतखड्याचा अनुभव घरोघरी असल्याने लोक दोन्ही खडे एकाच मापाने मोजतात आणि भरपूर पाणी पिऊन किंवा पानफुटीची पानं खाऊन पित्ताशयातले खडे पडतील अशी वाट पाहतात. मूत्रमार्गातून पाणी वाहतं. पित्ताशयात ते जातच नाही.

ऑलिव्ह तेल आणि लिंबाचा रस पिऊन खडे पाडण्याचा एक प्रयोगही मोबाइलवरून गावोगाव पोचला आहे. दुसऱ्या दिवशी शौचातून हिरवट, मऊ गोळ्या पडतात, आणि माणूस हरखून जातो. 2005 साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात अशाच गोळ्यांच्या रासायनिक तपासणीची हकिगत प्रसिद्ध झाली. त्या गोळ्या म्हणजे प्यायलेल्या तेलाचाच आतड्यात झालेला साबण होता. खऱ्या खड्यांचं त्यांत काही नव्हतं.

आता दुखतं कशामुळे ते पाहू, कारण पुढचं सगळं यावर उभं आहे. 1928 साली आयव्ही आणि ओल्डबर्ग या अमेरिकन संशोधकांनी दाखवून दिलं की स्निग्ध अन्न लहान आतड्यात पोचलं की आतडं एक संप्रेरक रक्तात सोडतं आणि त्याच्या हुकमाने पित्ताशय आकुंचन पावतं. सिटी चौकातला नान-खलिया असो की दिवाळीतल्या तुपातल्या करंज्या, ते संप्रेरक सुटणारच. पिशवी आवळली जाते तेव्हा आतला एखादा खडा मानेशी येऊन अडकला, तर वाट बंद होते आणि आतला दाब वाढतो. हीच ती कळ. ती चढत जाते, अर्धा तास ते काही तास एकसारखी टिकते, रोज येत नाही, आणि आली की माणसाला हातातलं काम सोडायला लावते. कूस बदलून, ढेकर देऊन, शौचाला जाऊन किंवा ॲसिडिटीची गोळी घेऊन ती हटत नाही. खडा मागे सरकला की ओसरते, आणि मग दुसऱ्या दिवशी सकाळी काही झालंच नव्हतं असं वाटतं.

छातीतली जळजळ, घशाशी येणारं आंबट, करपट ढेकर हे सगळं जठरातल्या आम्लाचं काम आहे. बोलण्यात आपण त्यालाही पित्तच म्हणतो. पण तो रस पित्ताशयात तयार होत नाही, साठतही नाही. पोट फुगणं, कधी बद्धकोष्ठ तर कधी जुलाब, हे बहुधा आतड्याच्या चालीशी निगडित असतं. या तक्रारी आपल्याकडे इतक्या सर्रास आहेत, आणि पित्ताशयात गुपचूप पडून असलेले खडेही इतके सर्रास आहेत, की दोन्ही एकाच माणसात भेटणं हा पुष्कळदा निव्वळ योगायोग असतो. सोनोग्राफी खडा दाखवते. त्या बाईचं दुखणं त्या खड्यामुळे आहे की नाही, हे सोनोग्राफीला सांगता येत नाही. ते सांगण्याची ताकद फक्त रुग्णाच्या बोलण्यात आहे, आणि ते ऐकून घ्यायला वेळ लागतो. ओपीडीत नेमकी वेळेचीच टंचाई असते, म्हणून छापील रिपोर्टाचं वजन वाढतं.

नेदरलँड्समधल्या 24 रुग्णालयांनी मिळून केलेली 'सिक्युअर' नावाची चाचणी 2019 साली 'लॅन्सेट'मध्ये छापून आली. पित्ताशयात खडे आणि पोटात दुखणं असलेले हजाराहून अधिक रुग्ण तिच्यात होते. अर्ध्यांच्या बाबतीत सर्जनांनी नेहमीप्रमाणे निर्णय घेतला. उरलेल्या अर्ध्यांवर ठरावीक निकष लावले, वर सांगितलेल्या कळीची लक्षणं जुळली तरच शस्त्रक्रिया सुचवली. वर्षभराने दोन्ही गटांना विचारलं, पोट दुखायचं थांबलं का? नेहमीच्या गटात 60 टक्के, निकषांच्या गटात 56 टक्के लोक पूर्ण वेदनामुक्त होते. म्हणजे कोणत्याही मार्गाने गेलं तरी दहातल्या चौघांचं पोट कमीअधिक दुखतच होतं. निकषांमुळे ऑपरेशनांचं प्रमाण 75 टक्क्यांवरून 68 वर आलं, वेदनेचं गणित मात्र फारसं बदललं नाही.

हा आकडा ऐकून सर्जन मंडळी अस्वस्थ झाली, आणि ते रास्तच होतं. पित्ताशयाचं ऑपरेशन हे जगभरात अतिशय यशस्वी मानलं जाणारं ऑपरेशन आहे. मृत्यू विरळा, गुंतागुंत थोडी, रुग्णालयातला मुक्काम दोन दिवसांचा. पण ही सगळी सर्जनची मोजमापं झाली. रुग्ण ज्यासाठी आला होता ती गोष्ट, म्हणजे दुखणं, ती या हिशोबात धरलेलीच नव्हती. 2013 साली प्रसिद्ध झालेल्या एका आढाव्यात जुने अनेक अभ्यास एकत्र केले, तेव्हा दिसलं की वरच्या पोटातलं दुखणं काही अभ्यासांत 33 टक्क्यांपर्यंत रुग्णांत शस्त्रक्रियेनंतरही टिकून होतं, आणि काहींत 14 टक्क्यांपर्यंत लोकांना ते नव्याने सुरू झालं होतं.

मग फायदा कोणाला होतो? डच संशोधकांनीच 2021 साली याचं उत्तर शोधलं. ज्यांच्या वेदना आधी जास्त तीव्र होत्या, ज्यांचं दुखणं पाठीकडे जात होतं, ज्यांना मळमळत होतं, ज्यांच्या पोटाचं आधी कुठलं ऑपरेशन झालेलं नव्हतं, आणि ज्यांना छातीत जळजळ नव्हती, त्यांना शस्त्रक्रियेने आराम पडण्याची शक्यता अधिक. शेवटच्या मुद्द्यावर मला थांबावंसं वाटतं. छातीत जळजळ नसणं हे चांगलं लक्षण ठरलं. आपल्याकडे नेमकी जळजळ घेऊनच असंख्य माणसं सोनोग्राफीच्या टेबलावर जातात आणि तिथून थिएटरच्या टेबलावर. वैजापूरच्या त्या बाईला कोणी फसवलेलं नसतं. तिच्या पोटात खडे खरोखरच होते. फक्त तिचा प्रश्न तो नव्हता.

ब्रिटनमधल्या 'सी-गॉल' चाचणीने आणखी एक पाऊल पुढे टाकलं. 2023 साली 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये ती आली. साध्या, गुंतागुंत न झालेल्या खड्यांच्या 434 रुग्णांपैकी निम्म्यांना शस्त्रक्रियेच्या यादीत घातलं, निम्म्यांना औषधं आणि सल्ला देऊन थांबायला सांगितलं. दीड वर्षानंतर दोन्ही गटांच्या वेदनेत सांगण्यासारखा फरक नव्हता, आणि थांबलेल्यांपैकी चौथ्या हिश्श्याच्या आसपास लोकांचंच तोवर ऑपरेशन झालं होतं. मात्र यादीत घातलेल्यांपैकीही दोन तृतीयांश लोकांचीच शस्त्रक्रिया तोवर उरकली होती, म्हणून या निकालावरून ऑपरेशन निरुपयोगी आहे असं कोणी म्हणू नये. दीड वर्ष हा काळही खड्यांच्या आयुष्यात थोडाच. एवढं मात्र कळतं की अशा रुग्णाला घाईघाईने टेबलावर घेण्याची गरज नसते. त्याला समजावून सांगायला आणि त्याने विचार करायला सवड असते.

शस्त्रक्रियेनंतर रुग्णाला कसं वाटतं, हा प्रश्न या ऑपरेशनाच्या जन्मापासूनच सोबत आहे. 15 जुलै 1882 रोजी बर्लिनमध्ये कार्ल लांगेनबुख यांनी पहिल्यांदा पित्ताशय काढलं. रुग्ण 43 वर्षांचा होता, वर्षानुवर्षांच्या कळांनी खंगलेला आणि मॉर्फिनच्या आहारी गेलेला. दुसऱ्या दिवशी तो सिगार ओढत बसला होता, आणि सहा-सात आठवड्यांनी वजन वाढवून घरी गेला. तोवर सर्जन पिशवी कापून खडे काढत आणि पिशवी तशीच ठेवत. खडे पुन्हा होत. लांगेनबुख यांचं म्हणणं होतं की पिशवीत खडे आहेत हे तिला काढण्याचं कारण नव्हे, ती खडे तयार करते हे कारण आहे. या पहिल्या रुग्णाकडे पाहा: त्याची कळ अस्सल होती, आणि म्हणून त्याचं समाधानही.

पुढची शंभर वर्षं बरगडीखाली वीतभर छेद घेऊन हे ऑपरेशन होत राहिलं. 12 सप्टेंबर 1985 रोजी जर्मनीतल्या बोब्लिंगन इथे एरिख म्यूहे यांनी ते दुर्बिणीतून केलं. पुढच्या वर्षी त्यांनी जर्मन सर्जनांच्या अधिवेशनात हे मांडलं तेव्हा त्यांची हेटाळणी झाली. आपल्याकडे हे तंत्र आलं ते मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात. तिथे डॉ. तेहमतन उडवाडिया 1972 पासूनच तपासणीसाठी पोटात दुर्बीण घालत होते. 1990 साली त्यांनी दुर्बिणीतून पित्ताशय काढलं. गरीब देशाला हे महागडं तंत्र कशाला, असं विचारणाऱ्यांना त्यांचं उत्तर असे की लवकर कामावर परतण्याची गरज सगळ्यांत जास्त गरिबालाच असते. हे म्हणणं मला आजही पटतं. कापूस वेचायला वाकावं लागतं आणि भरलेलं गाठोडं उचलावं लागतं. ज्या बाईचं घर रोजंदारीवर चालतं, तिच्या समाधानाच्या यादीत जखमेच्या खुणेपेक्षा पहिल्या मजुरीचा दिवस कितीतरी वर असतो.

तरीही दुर्बिणीच्या श्रेयाबद्दल सावध राहावं लागतं. 1996 साली इंग्लंडमधल्या शेफील्डच्या सर्जनांनी एक विलक्षण प्रामाणिक प्रयोग केला. दोनशे रुग्णांपैकी निम्म्यांचं ऑपरेशन दुर्बिणीतून, निम्म्यांचं छोट्या छेदातून. शस्त्रक्रियेनंतर सगळ्यांच्या पोटावर एकसारख्या पट्ट्या बांधल्या, त्यामुळे आपलं कोणत्या पद्धतीने झालं हे रुग्णाला कळेना, वॉर्डातल्या परिचारिकांनाही कळेना. मग पाहिलं तर रुग्णालयातला मुक्काम आणि कामावर परतण्याचा काळ दोन्ही गटांत जवळजवळ सारखा निघाला. पोटावरची भोकं पाहून माणूस स्वतःला लवकर बरा समजतो, मोठी पट्टी पाहून आजारी समजतो, आणि डॉक्टर-परिचारिकाही तसंच समजतात. समाधान हे असं अपेक्षेच्या धाग्याने विणलेलं असतं. सर्जन आधी काय बोलला, याला म्हणूनच इतकं महत्त्व आहे.

पहिल्या आठवड्यात काय होणार, हे आधी सांगितलेलं असलं तर निम्मी भीती तिथेच जाते. दुर्बीण फिरवायला जागा हवी म्हणून पोटात कार्बन डायऑक्साइड वायू भरतात. त्याचा थोडा अंश मागे राहतो, श्वासपटलाला चाळवतो, आणि दुखतो मात्र उजवा खांदा, कारण श्वासपटलाची आणि खांद्याची संवेदना मणक्यातल्या एकाच भागात पोचते. ज्याला हे माहीत नाही त्याला खांदा दुखताच हार्ट अटॅकची शंका येते. दोन-तीन दिवसांत ते थांबतं. बेंबीजवळच्या टाक्यापाशी दुखणं, भुलीमुळे मळमळणं, दोन दिवस भूक न लागणं हेही तात्पुरतंच असतं.

मग सुरू होतं पथ्य. ऑपरेशन झालेल्या बाईला सासूबाई, नणंद, शेजारीण मिळून जन्मभराचं तूप बंद करून टाकतात. काही ठिकाणी डिस्चार्ज कार्डावरही 'तेल-तूप वर्ज्य' एवढंच लिहिलेलं असतं, किती दिवस ते नसतं. पहिले काही आठवडे एका वेळी जड, तेलकट जेवण टाळावं, थोडं थोडं खावं, मुगाची खिचडी, वरण-भात, ताक, पचेल तशी भाकरी-भाजी घ्यावी, आणि मग हळूहळू रोजच्या जेवणावर यावं. आयुष्यभर तूप वर्ज्य करण्याची गरज बहुतेकांना नसते. अशक्त, रक्त कमी असलेल्या बाईला वर्षानुवर्षं नुसत्या भात-वरणावर ठेवणं हे ऑपरेशनापेक्षा जास्त नुकसान करतं, असं मला वाटतं.

काही तक्रारी मात्र खरोखर पिशवी गेल्यामुळे येतात. साठवण नसल्याने पित्तरस आतड्यात सतत उतरतो. त्यातली पित्ताम्लं लहान आतड्याच्या शेवटच्या टप्प्यात परत शोषली जातात, पण काहींमध्ये ती मोठ्या आतड्यापर्यंत जातात आणि जुलाब सुरू होतात. सकाळी किंवा जेवल्याबरोबर घाईने शौचाला पळावं लागतं. असं साधारण दहातल्या एकाला होतं, आणि बहुतेकांचं काही महिन्यांत कमी होतं. ज्यांचं होत नाही त्यांच्यासाठी पित्ताम्लांना बांधून ठेवणारी पूड आहे, कोलेस्टिरामिन नावाची, आणि ती चांगलं काम करते. दुःख याचं आहे की बसने प्रवास करताना, शेतात किंवा वाळूजच्या कारखान्यात पाळी करताना घाईची शौच ही केवढी अडचण आहे हे रुग्ण संकोचाने सांगत नाही, आणि कोणी विचारतही नाही. बाईमाणूस तर नाहीच नाही. त्यावर उपाय असूनही ती वर्षानुवर्षं तशीच काढते.

दुसरं कारण म्हणजे मागे राहिलेला खडा. पिशवीतून निसटून मुख्य पित्तनलिकेत बसलेला खडा शस्त्रक्रियेआधी दिसला नाही, तर नंतर कळ, कावीळ किंवा ताप घेऊन उगवतो. तो एंडोस्कोपीतून काढता येतो. ऑपरेशन करताना मुख्य नलिकेलाच इजा होणं हे सगळ्यांत गंभीर. हजारात तीन-चार अशा प्रमाणात ते घडतं, पण ज्याच्या बाबतीत घडतं त्याचं सगळं आयुष्य बदलतं. तशी इजा होऊ नये म्हणून 1995 साली अमेरिकन सर्जन स्ट्रासबर्ग यांनी एक शिस्त घालून दिली: कोणतीही नळी कापण्यापूर्वी पित्ताशयात जाणाऱ्या फक्त दोनच रचना आहेत, हे डोळ्यांनी स्पष्ट दिसलं पाहिजे. दिसत नसेल तर दुर्बीण बाजूला ठेवून पोट उघडावं. नातेवाइकांना हे अपयश वाटतं. असा निर्णय घेणारा सर्जन आपल्या माणसाचा जीव राखत असतो, हे त्यांना आधीच सांगितलेलं बरं.

बाकी उरतात ते ज्यांचं कारण सापडत नाही असे. 1947 साली वॉमॅक आणि क्रायडर यांनी या सगळ्या उरलेल्या दुखण्यांना एक नाव दिलं, 'पित्ताशय काढल्यानंतरचा लक्षणसमूह'. नाव मिळालं की रोग सापडला असं वाटतं. त्यातून पुढे एक समजूत बळावली, की पित्तनलिकेच्या तोंडाशी असलेली झडप आखडते म्हणून हे दुखतं, तेव्हा ती एंडोस्कोपीतून कापावी. अनेक वर्षं ती कापली गेली. मग अमेरिकेत पीटर कॉटन आणि सहकाऱ्यांनी 214 रुग्णांवर चाचणी घेतली. काहींची झडप खरोखर कापली, काहींची कापल्याचा नुसता देखावा केला. 2014 साली निकाल आला: खरी कापलेल्यांपैकी 23 टक्क्यांना आराम पडला, देखाव्याच्या गटात 37 टक्क्यांना. झडप कापण्याची ही पद्धत अशा रुग्णांसाठी मागे पडली ती यामुळे. एका ऑपरेशनाने न गेलेल्या दुखण्यावर दुसरं ऑपरेशन करण्याआधी ते दुखणं मुळात पित्ताशयाचं होतं का, हे विचारणं किती गरजेचं आहे, ते या चाचणीने शिकवलं.

हे वाचून कोणी खऱ्या कळा सोसत घरी बसू नये. ठरावीक कळ वारंवार येत असेल, पित्ताशयाला सूज येऊन ताप आला असेल, खडा नलिकेत उतरून कावीळ झाली असेल किंवा स्वादुपिंडाला सूज आली असेल, तर शस्त्रक्रिया टाळणं धोक्याचं आहे. खडे आहेत पण कधी काहीच त्रास नाही, अशांपैकी वर्षाला शंभरातल्या एखाद्-दुसऱ्यालाच त्रास सुरू होतो, म्हणून बहुतेक वेळा त्यांनी नुसतं लक्ष ठेवलं तरी चालतं. अगदी मोठा खडा, पित्ताशयातला वाढत जाणारा मांसल कोंब, भिंतीत साचलेलं चुन्यासारखं कवच, असं काही असेल तर गोष्ट निराळी. मधुमेह आहे म्हणून न दुखणारी पिशवी काढून टाका, हा सल्ला एकेकाळी सर्रास दिला जाई, आता दिला जात नाही.

समाधान मोजण्यासाठी साधनं आहेत. जर्मनीतल्या कोलोन शहरात आयपाश आणि सहकाऱ्यांनी 36 प्रश्नांची एक यादी तयार केली, जिचे गुण 0 ते 144 असे होतात. पोट दुखतं का, फुगतं का, शौचाची घाई होते का, झोप लागते का, नेहमीची कामं होतात का, आजाराने मन खचतं का. जगभर पित्ताशयाच्या रुग्णांसाठी ती वापरतात. तिची खुबी एकच आहे: तेच प्रश्न ऑपरेशनाच्या आधीही विचारायचे आणि नंतरही. आपल्याकडे आधीचा कागदच नसतो. सहा महिन्यांनी रुग्ण म्हणतो पोट फुगतं, तेव्हा ते आधीपासून होतं की नंतरचं, हे त्यालाही सांगता येत नाही, डॉक्टरलाही नाही. दोष मात्र ऑपरेशनाच्या माथी बसतो, किंवा रुग्णाच्या मनाच्या.

आणि प्रश्न कोण विचारतं यानेही उत्तर बदलतं. सर्जनने राउंडला उभ्याउभ्या 'काय मावशी, कसं आहे आता?' असं विचारलं तर मावशी 'बरं हाय साहेब' असंच म्हणणार. ज्या माणसाने आपलं पोट उघडून आपल्याला वाचवलं त्याच्या तोंडावर गाऱ्हाणं सांगायचं नसतं, ही आपली रीत आहे, आणि ती सुंदरही आहे. पण तिच्यामुळे सर्जनच्या वहीत सगळेच रुग्ण समाधानी राहतात. हेच प्रश्न एखाद्या परिचारिकेने किंवा समाजसेवा अधीक्षकाने निवांत बसून, बाईच्या बोलीत विचारले, तर जुलाब निघतात, रात्रीची जळजळ निघते, तूप बंद केल्याने आलेला अशक्तपणा निघतो, 'आता पिशवीच नाही तर मला जड काम जमेल का' ही भीती निघते. यातल्या बऱ्याच गोष्टींवर इलाज सोपा असतो.

वैजापूरच्या बाईलाही काही देता येतं. तिला ऑपरेशनाच्या आधीच, साध्या भाषेत, सांगायला हवं: मावशी, तुमच्या पिशवीत खडे आहेत, पण तुमची जळजळ आणि फुगणं बहुधा त्यांच्यामुळे नाही. ॲसिडिटीचं औषध सहा आठवडे नीट घेऊन बघू, रात्रीचं जेवण लवकर करा, गरज पडली तर तोंडातून दुर्बीण घालून जठर तपासू. त्यानंतरही तुम्हाला कळ येत असेल तर ऑपरेशन करू, आणि केलं तर कळ बहुधा थांबेल, जळजळीसाठी गोळी वेगळी घ्यावी लागेल. एवढं ऐकून ज्या बाईने शस्त्रक्रिया केली, तिची जळजळ राहिली तरी ती फसल्यासारखी वाटून घेणार नाही.

घरी गेल्यावर डोळे-लघवी पिवळी होणं, शौच पांढुरकी होणं, थंडी वाजून ताप येणं, पोट ताठ होऊन दुखणं वाढत जाणं, उलट्या न थांबणं, जखमेतून किंवा पोटात ठेवलेल्या नळीतून हिरवट-पिवळा स्राव येणं, यांपैकी काहीही झालं तर टाके काढायच्या तारखेची वाट पाहू नये, त्याच दिवशी रुग्णालय गाठावं. आणि एक कागद मागून घ्यावाच. काढलेली पिशवी पॅथॉलॉजीत तपासायला पाठवलेली असते, रिपोर्ट काही दिवसांनी येतो, तोवर माणूस कन्नडला, पैठणला, सोयगावला आपल्या गावी पोचलेला असतो आणि दुखणं थांबल्याने परत फिरकत नाही. थोड्या रुग्णांत त्या पिशवीत कर्करोगाची सुरुवात सापडते, जी सोनोग्राफीत दिसलेली नसते. तेव्हा लगेच पुढचे उपचार झाले तर बरं होण्याची संधी असते. डिस्चार्ज होताना रिपोर्ट कोणत्या खिडकीवर, कोणत्या तारखेला मिळेल हे विचारून कार्डावर लिहून घ्यावं, घरातल्या एकाला तो आणायला पाठवावं आणि ज्यांनी ऑपरेशन केलं त्यांनाच तो दाखवावा.